मामा दृश्य बघायला थांबतात

बजाजनगर, औरंगाबाद
फेब्रुवारी १९९४

आदरणीय कचरूमामांना उत्पलाचा सविनय जयभीम.

गोजरमामींचे गुडघे, तांबडी शेळी आणि दारातला लिंब, सगळे खुशाल असावेत. तुमची प्रकृती विचारत नाही. 'ठणठणीत' एवढंच उत्तर येतं (आणि तेवढं लिहितानाही तुम्ही मध्ये दम खाता, असं मामी कळवतात).

मी नोकरी करते त्या दवाखान्यातून मला दर रविवारी इथल्या कामगारवस्तीत पाठवतात. हृदयाच्या झडपा बिघडलेल्या माणसांनी कसं जगावं, हे समजावून सांगायचं. मागच्या खेपेला मी फळ्यावर हृदय काढलं, तर लोक म्हणाले, पपई छान जमलीय. (पपईच वाटत होती.) म्हणून या रविवारी बोकडाचं दिल (खाटीक हृदयाला दिलच म्हणतो) आणून वस्तीतल्या पारूबाईंच्या अंगणात परातीत ठेवलं आणि वरच्या मोठ्या नळीत तांब्यानं पाणी ओतलं. मामा, आतल्या तीन इवल्या पाकळ्या अलगद मिटल्या आणि पाणी त्यांच्यावर उभं राहिलं. एवढ्याशा दारांच्या भरवशावर आपण शाळेत जातो, मोर्चे काढतो, भांडतो! त्या पाण्यात आभाळ उतरलं होतं. मी बघत राहिले, आणि मला दिसलं, तुम्ही मला खांद्यावर घेऊन वेरूळच्या पायऱ्या चढताय, एकदाही न थांबता. ओतायचं थांबवणं तेवढं राहून गेलं आणि पुढे बसलेल्या सोनाजींचं धोतर भिजलं. (हे धनगराघरचे, आता कंपनीच्या फाटकावर पहारा करतात. त्यांचीही झडप बिघडलेली.)

भानावर येऊन मी सगळं सांगितलं. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून ताप येतो, तो जाताना झडपा खराब करून जातो. बरं वाटलं तरी दर तीन आठवड्यांची सुई चुकवायची नाही. दात काढण्याआधी डॉक्टरांना झडपेचं सांगायचं. चढताना दम लागला तर ते वयावर ढकलायचं नाही. बोलता बोलता वळून पाहते तर परात रिकामी आणि चुलीवरून फोडणीचा वास.

"पाव्हणी मटन घेऊन आली, अन् मी ते तसंच ठिवू व्हय?" पारूबाईंनी मलाच विचारलं. माझा सगळा अभ्यासक्रम तिखटमीठ लावून वाटला गेला. सोनाजींनी चावता चावता निदान केलं, "याला काय बी दुखणं नव्हतं बाई. लई कवळं हाय."

मग त्यांनीच विचारलं, "अन् ते तुमचं मामा? गेलं का दवाखान्यात?" (न ऐकणाऱ्या रोग्याचं उदाहरण म्हणून मी तुमचं नाव घेतलं होतं. क्षमा असावी.) मी नाही म्हणाले. पारूबाई म्हणाल्या, "घरचं माणूस हिचं ऐकंना, अन् आमाला सांगती सुया टोचून घ्या!" सगळे हसले. मीही हसले.

तुमची झडप चिकटलीय हे कळलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव, मग माझा इलाज. त्या नावासाठी लाठ्या खाल्लेल्या माणसापुढे कोण बोलणार? पण गेल्या महिन्यात नाव लागलं. विद्यापीठाच्या गेटवर सगळे नाचत होते आणि तुम्ही दगडावर बसला होतात. विचारलं तर म्हणालात, दृश्य बघतोय. बिडकीनच्या बाजारातही तुम्ही दृश्य बघायला थांबता (समोर कडब्याच्या पेंढ्या असतात). असो. मला काही मागायचं नाही. पत्र निव्वळ खुशालीचं आहे.

तुमची भाची,
उत्पला

ता. क. : जुनं नाव गेलं नाही, त्याला नवं जोडलं, म्हणून शपथ अजून बाकी, असं तुम्ही म्हणणार. मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. तपासणीत जमण्यासारखं दिसलं तर तेही झडप बदलणार नाहीत. पायाच्या शिरेतून बारीक नळी नेतात, टोकाचा फुगा फुगवतात आणि जुनीच झडप मोकळी करतात. छाती कापत नाहीत. अर्ध्या शपथेला अर्धा इलाज, आता तक्रार नको.

आणखी एक ता. क. : शपथ तुम्ही एकट्यानं घेतली नव्हती. नाव लागेपर्यंत पदवीचा कागद घ्यायचा नाही, असं मीही ठरवलं होतं. घरात कुणाला बोलले नाही. आता अर्ज केलाय. आपल्या घरातली पहिली पदवी आहे, घेताना तुम्ही समोर हवेत. त्याआधी दवाखान्यात या. गेटपासून सभागृहापर्यंत मी चालून पाहिलंय, मामा. रस्ता लांब आहे, आणि बसायला वाटेत एकही दगड नाही.