काणी न लागलेल्या तीन ओळी

सरकारी फार्म,
ता. १८ जून १९३४

तीर्थस्वरूप इंद्रभानदादांस,

धाकट्या पंजाबचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींचं लोणचं पोचलं. आठ दिवसांत बरणी निम्मी झाली, उरलेली मी लपवून ठेवली आहे. तब्येत ठीक.

डोणगावात पेरणी झाली नाही ना? नसेल तर हे पत्र पुरतं वाचेपर्यंत तिफणीला हात लावू नका.

मी गेल्या महिन्यात पाठवलेलं ज्वारीचं बी मोरचुदाच्या पाण्यात धुऊनच पेरा. याला काणी लागत नाही, धुवायची गरज नाही, असं मीच लिहिलं होतं. ते खोटं आहे.

पाच वर्षं मी काणीची काळी भुकटी मुद्दाम बियाण्याला चोळून पेरतो. तरीही ज्या कणसात दाण्यांच्या जागी काजळी भरत नाही, त्याचंच बी पुढच्या साली धरतो. गेल्या हंगामात तीन ओळींत एकही काळं कणीस नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली, बढतीसाठी वर लिहिलं.

कापणीच्या दिवशी आमच्या पेरणीवरच्या सत्यभामाबाई हसत म्हणाल्या, "त्या तीन ओळींचे पुडे म्याच धुतले होते, बापू. असं काळं बी जमिनीत कसं टाकू? तुमीच त गावात येऊन शिकवलं होतं आमाले."

खरंच, मीच शिकवलं होतं.

मी त्यांना गप्प राहायला सांगितलं. परवा त्यांनी विचारलं, "म्या पाप केलं काय, बापू?" मी नाही म्हणालो, पण पाप माझं आहे हे सांगितलं नाही.

दादा, हे सगळं ठाऊक असून मी ते बी तुम्हाला पाठवलं. साहेबांनी विचारलं, "तुझ्या घरचे पेरतील ना?" नाही म्हणायची हिंमत झाली नाही. त्या बियाण्याची मळणीही काणीच्या कणसांबरोबर एकाच खळ्यावर झाली आहे. न धुता पेरलंत तर वर्षाच्या भाकरीचं पीक हातचं जाईल, तुमचं आणि तुम्ही ज्यांना त्यातलं बी दिलंत त्या वामनरावांचंही. मला माझीच किळस येते.

हबीब मोटारवाल्याबरोबर हे पत्र आणि मोरचूद पाठवतो आहे. मी आता खरं सांगायला साहेबांच्या बंगल्यावर निघालो. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तुम्हाला तोंड कसं दाखवू, हे मात्र सुचत नाही.

हे पत्र एकट्याने वाचून खिशात घालू नका. वामनरावांना बोलावून त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा.

ज्याच्या शब्दावर तुम्ही वामनरावांनाही बियाणं दिलंत, तो तुमचा धाकटा,
पंजाब