मशेरी भाजणारा हात

९ जानेवारी १९६८
आणखी एका उंदराच्या पाठीवर गाठ! देवस्थळीसाहेब शनिवारी मुंबईहून येतील, खूश होतील. भिसेगावच्या या भाड्याच्या बंगल्यात विद्यापीठाने कॅन्सरच्या संशोधनासाठी उंदीर पाळले, त्याला दोन वर्षं झाली. मशेरीचा अर्क मी काढतो, भादरलेल्या पाठीवर कुंचल्याने मीच लावतो. सातवी पास माणूस — पण एक थेंब इकडचा तिकडे नाही.

१३ जानेवारी
साहेब म्हणाले, "मशेरी कशी भाजता ते नीट लिहून द्या. शोधनिबंधात घालायचंय." मशेरी आमच्या घरून येते, हिच्या हातची. साहेबांनीच पहिल्या दिवशी बजावलं होतं — भाजणारा हात बदलायचा नाही.

१४ जानेवारी
घड्याळ आणि तापमापक घेऊन चुलीपाशी बसलो. हिला विचारलं, तंबाखू तव्यावर किती वेळ ठेवतेस? हसायलाच लागली. "घड्याळ कशाला? हिरडीला लावून बघते. कच्ची असली तर चावते."
"पण तू तर सोडली होतीस!" उंदराला पहिली गाठ आली तेव्हाच मी सोडायला लावली होती.
"माझी सोडली. ही तुमच्या कामाची हाय. कच्ची गेली तर तुमचंच नाव जाईल."
म्हणजे एवढे दिवस! दर भाजणीला!

१५ जानेवारी
लिहून दिलं नाही. काय लिहू?

१८ जानेवारी
ही तिखट खात नाही. नुसता ताकभात. कधीपासून, ते मला सांगता येईना. मला! "तोंड उघड" म्हटलं तर — "अंगणात? मी काय उंदीर हाय?" शेजारची शकू कुंपणावरून ओरडली, "अवं भावजी, शेपटी पन मोजा तिची!" दोघी हसल्या. मी खेकसलो. मग कुणीच हसलं नाही.

१९ जानेवारी
खिडकीशी, उजेडात पाहिलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा. कडा — नाही, लिहीत नाही.

२० जानेवारी
साहेबांना सांगायला गेलो. ते पिंजऱ्यांपुढे उभे. दुसऱ्या कुणी भाजली तर चालेल का, एवढंच विचारलं. "अजून सहा महिने फक्त. आता हात बदलला तर सगळं पहिल्यापासून. तुमचे कष्टही फुकट." पाठीवर थाप दिली. मी "होय साहेब" म्हणालो. होय साहेब! जीभ कुठे गेली होती माझी?

२९ जानेवारी
हिला मुंबईच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून नुसता चट्टा आहे. पण मशेरीला बोटसुद्धा लावायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा.
 कर्जतला उतरल्यावर ही म्हणाली, "उद्या भाजायची हाय ना? शकूला शिकवते. तिच्या हिरड्या चांगल्या हायेत."
"नाही!" फलाटावरची माणसं वळून बघायला लागली.

३० जानेवारी
हिला सकाळीच माहेरी, पोशीरला पाठवलं. साहेबांना काही कळवलेलं नाही. तवा मीच चुलीवर ठेवला. तंबाखू काळी पडली, धूर बसला. झाली की नाही, नजरेला कळेना. तापमापकालाही कळेना.
चिमटीभर हिरडीला लावली.
चावली. कच्ची होती. परत तव्यावर टाकली.