यमुताईंचे सात वार

१६ जानेवारी १९३९, सोमवार

डबा परत आला! तोही जसाच्या तसा — वरण, भात, वांग्याची भाजी, वर ठेवलेला तिळाचा लाडूसुद्धा. महिला मंडळानं यमुताईंना पाठवलेला हा चौथा डबा. आज मीच गेले विचारायला. म्हटलं, स्वयंपाकात काही खोट काढायची असेल तर माझ्या तोंडावर काढा.

"सैपाक बेस हाय," म्हणाल्या. "पण डबा काय बोलते वं माह्याशी? भिंतीकडं पाहून घास उतरत नाही मले."

हात कापतात, चूल पेटवता येत नाही, दोन दिवस नुसत्या चहावर — आणि तोरा हा! पण रागवायचं कसं? तीस वर्षं याच बाईनं आमच्या महाल वस्तीतल्या घराघरांतून आम्हा पोरींना गोळा करून शाळेत नेलं. वेणी अर्धी झाली असली तर अर्ध्या वेणीनिशी ओढत न्यायच्या. आजही दारातून पहिला प्रश्न तोच — "काहून वं गोपे, केस नाही विंचरले?" मी चाळिशीची बाई, हात आपोआप डोक्याकडे गेला.

१८ जानेवारी

यमुताईंचा भाचा चंपतराव काटोलहून आला. भला माणूस. म्हणतो, "मावशीले गावी नेतो. इथं उपाशी मरन." यमुताईंनी खाटेचा पाय धरला. "महाल सोडून मी कुठी जात नाही. तिथं वावरात कोणाशी बोलू, बैलाशी?"

शेवटी मीच मध्ये पडले. होळीपर्यंतची मुदत मागितली. चंपतराव कबूल झाला, पण बजावून गेला — "एक दिवस जरी ते उपाशी राहिली असं समजलं, त तिकीट काढूनच येतो!"

सासूबाईंचं ताट झाकून गेले होते. परत आले तर अर्धी भाकरी तशीच. हल्ली भूकच नाही त्यांना. वय!

१९ जानेवारी

सापडलं! आणि सुचवलं कोणी — आमच्या यांनी! रात्री जेवताना सहज म्हणाले, "मी उमरेडहून शिकायला आलो तेव्हा वार लावूनच जेवलो की. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. सात घरं, सात दिवस." मग विद्यार्थ्यांना वार लागतात तर म्हातारीला का लागू नयेत? पोट भरेल आणि रोज बोलायला माणसंही मिळतील. मी इतकी खूश झाले की यांना पापड जास्त वाढला.

२२ जानेवारी, रविवार

वच्छलाकडे हळदीकुंकू. वाण लुटायच्या आधीच मी विषय काढला. सगळ्या यमुताईंच्याच हातच्या पोरी, नाही कोण म्हणणार? पण सोमवार आणि गुरुवार यांच्यावरून जी जुंपली! पुण्य त्याच दिवशी जास्त म्हणे. बुधवार तर वच्छलानं तोंड वाकडं करून घेतला. मंगळवार लतिकानं. आणि शनिवार? शनिवारी घरात नवं पाऊल नको! सगळ्याजणी आपापल्या बांगड्या बघायला लागल्या. तिरीमिरीत मी म्हटलं, शनिवार आमचा.

घरी येईपर्यंत आठवलं — शनिवारी दुपारी तर मंडळाची बैठक! सासूबाईंना सांगितलं. त्या कडाडल्या, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! तू त नसतं घरी. वाढीन कोण?"

"तुम्ही," म्हटलं आणि पळाले.

२४ जानेवारी

दोन वार पार पडले. लतिकाचा निरोप — "यमुताईंनी माझ्या वरणाला नावं ठेवली." म्हणजे तब्येत सुधारते आहे.

२८ जानेवारी, शनिवार

बैठकीहून चारला परतले. मागच्या ओट्यावर दोघी म्हाताऱ्या. ताटं तशीच उष्टी पडलेली, आणि हसण्याचा हा गलका! मला पाहून दोघी गप्प. नक्की माझ्याचबद्दल काहीतरी चाललं होतं. झुणक्याची कढई चाटूनपुसून रिकामी, टोपलीत एक भाकरी नाही. यमुताईंचा आहार दांडगा दिसतो!

१ फेब्रुवारी, बुधवार

घोटाळा. मोठा घोटाळा!

काल मंगळवार, लतिकाची पाळी — आणि एकादशी. लतिकाच्या घरी सगळ्यांचा निर्जळी उपास, चूल थंड. यमुताई दारात आल्या तर ही बया म्हणते कशी, "आज तुमचाही असेलच ना?" यमुताईंनी आयुष्यात कधी एकादशी केली नाही. पण म्हाताऱ्या माणसानं 'मी एकादशी करत नाही' हे तोंडानं कसं कबूल करायचं? "हाव," म्हणाल्या आणि आल्या पावली परत. दिवसभर उपाशी. आज वच्छलाच्या पायरीवर घेरी येऊन बसल्या; निरोप येताच मी धावले.

आणि नेमका आजच चंपतराव तिथं हजर, संत्र्यांची टोपली घेऊन! मी तर देवाचं नाव घ्यायला लागले. त्यानं विचारलं, "मावशी, काल जेवली होती काय?"

यमुताई भिंतीला टेकून म्हणतात, "काल एकादशी होती ना बापू. पोटभर उपास केला."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग टोपली ठेवून म्हणाला, "होळीले येतो." समजला सगळं. वाचलो आम्ही — पण दिवसभर मला लाज वाटत राहिली. आम्ही सातही वार पाहिले, तिथी कोणी पाहिलीच नाही.

ठरवलं — एकादशीही आमच्याकडे. सासूबाईंना वैद्यांनी उपास बंदच केले आहेत, चूल पेटतेच. ऐकून हे म्हणाले, "एकादशी आणि दुप्पट खाशी!" सासूबाई लगेच डाळ निवडायला बसल्या.

१२ फेब्रुवारी

मंडळाच्या कालच्या बैठकीत माझं कौतुक झालं! अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "गोपिकाबाईंचा उपक्रम साऱ्या शहरात न्यावा." आता आणखी सात म्हातारे-म्हाताऱ्या घ्यायच्या. आठजणांचे छप्पन वार. कोणाला कोणाच्या घरचं चालतं, कोणाला नाही — त्याचा तिढा वेगळाच. नत्थूजी नावाच्या एका आजोबांना तर दात नाहीत आणि भाकरीच पाहिजे!

२० फेब्रुवारी

धावपळ. सकाळी उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले. हे साडेनऊलाच जेवून कचेरीत जातात. सासूबाईंचं ताट झाकलं, निघाले. इतवारीत तीन घरं मिळाली, गणेशपेठेत एक.

सासूबाईंनी आज पाव भाकरी खाल्ली. आमची लेक पुष्पलता सासरी गेल्यापासून त्यांचं खाणं उतरलंच आहे. आजी-नात एका ताटात जेवायच्या. यांना म्हटलं, वैद्यांना दाखवा एकदा. शनिवारी मात्र टोपली रिकामी असते. यमुताईंना दोन वेळचं पुरेल इतकं लागतं बहुतेक.

२७ फेब्रुवारी

वैद्य येऊन गेले. नाडी उत्तम, जीभ स्वच्छ. काढा दिला आहे. सासूबाईंनी तो तुळशीत ओतला, मी पाहिलं. तुळस आता वाळली नाही म्हणजे मिळवलं.

५ मार्च, रविवार, होळी

चंपतराव आला. यमुताई आज रविवारच्या घरच्या पुरणपोळ्या खाऊन, वर तिथल्या सुनेची वेणी घालून आल्या होत्या. गाल वर आलेत. चंपतराव म्हणाला, "मावशी, चालतं काय मंग?"

"मले फुरसत नाही," म्हणाल्या. "सात घरं पाहा लागते."

जिंकलो! चंपतरावानं हसत हात जोडले, आणि यमुताई काटोलला जात नाहीत ते नाहीतच. रात्री मी यांच्यादेखत गिरकी घेतली. या वयात!

८ मार्च, बुधवार

सकाळी नव्या म्हाताऱ्यांसाठी घरं शोधायला निघाले, तर दारातच यमुताई. आज वार वच्छलाचा, इथं कशाला आल्या?

म्हणाल्या, "वही काढ. एक नाव लिही. म्हातारी हाय. खायले सारं हाय तिले, पंगतीले कोणी नाही."

"किती वार लावायचे?"

"सहा. शनवार हाय तिचा."

मी लिहायला लागले. "नाव सांगा."

"जिजाबाई. तुही सासू."

इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. बाहेर जायचं लुगडं बदललं, आत गेले, झाकलेलं ताट उघडलं आणि शेजारी माझं मांडलं.