खिंड ओलांडून आलेल्या मेंढ्या

प्रिय नेस्ट,

बाबांच्या खुब्याचं हाड जुळलंय, पण डॉक्टरांनी डोंगर कायमचा बंद केलाय. सरोवरावरच्या कड्याकडे बघत बसतात. तिथल्याच अरुंद टप्प्यावर ती मेंढी अडकली होती. हिरव्या गवताच्या लोभाने उतरली आणि वर येता येईना. कडे चढणारी पोरं दोर लावून होतीच. म्हणाली, "आजोबा, आम्ही उतरतो." तर हे म्हणे, "तुम्हाला बघून ती खाली उडी टाकेल. मला ओळखते." मेंढी वर आली, आणि मग ओल्या दगडावरून हे घसरले.

त्यानंतर कळप विकावाच लागला. तुला ठाऊक आहे, आपल्या डोंगराला कुंपण नाही. आपलं रान कुठवर, हे कोकराला त्याची आईच शिकवते. पण आपण खंडाने घेतलेल्या या जमिनीच्या नव्या मालकाला मेंढ्या नकोत, उतारावर झाडं लावायचीत, म्हणून कळप खिंडीपलीकडे गेला. शेजारचा त्रेवोर बाबांजवळ हळहळला, "इथेल, आता वर नुसते सहलीचे लोक उरतील रे." बाबा म्हणाले, "हजारो वर्षांपूर्वी इथली बर्फाची नदी वितळली, तरी डोंगर राहिलाच की." कळप गाडीत चढवला तेव्हा ते घराबाहेरसुद्धा आले नाहीत.

गेल्या आठवड्यात पाऊस उघडला आणि त्यांनी मला हाक मारली, "मेरेरिड, बघ गं, आपल्याच ना त्या?" विकलेल्यांपैकी तीन मेंढ्या खिंड ओलांडून परत आल्या होत्या. सरोवराकाठी निवांत चरत होत्या. बाबा आधी मोठ्याने हसले, मग बाहीत तोंड खुपसून रडले. त्रेवोरने कुत्रा लावून मेंढ्यांना खाली आणलं, पुन्हा गाडीत घातलं. बाबा एवढंच म्हणाले, "हे आता त्यांचं घर नाही, हे त्यांना कोण समजावणार?"

परवा फोनवर तू म्हणालीस, "शाळेतली नोकरी सोडून घरी येते. मालकाशी भांडू, नवा कळप उभा करू." बाबांचा चेहरा उजळला गं. ते तुला नाही म्हणणार नाहीत, आणि त्यांच्यासमोर तुला अडवणं मलाही जमलं नाही, म्हणून लिहितेय. माझे गुडघे या चढावर गेले, त्यांचा खुबा गेला. जिथे मेंढ्यांनाही आता थारा नाही, तिथे तुला कोणत्या तोंडाने बोलावू? भेटायला ये, बाळा, लवकर ये. राहायला येऊ नकोस.

तुझीच,
आई