राहतं घर, शिलाई मशीन आणि आयरिश व्हिस्की

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंद्याने कोट शिवणारी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि आजचा पेग अजून ओतलेला नसताना हे मृत्युपत्र करून ठेवत आहे.

१. राहतं घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या स्वकमाईचं आहे. ते माझ्या मुलाला मिळावं. मात्र माझ्या नणंदेला त्यात तहहयात राहण्याचा हक्क राहील. ती असेपर्यंत घर विकू नये. मुलगा मनाने वाईट नाही. "आई, तुझ्यामागे आत्याला चांगल्या ठिकाणी ठेवू," म्हणाला. ठेवायला ती काय फुलदाणी आहे?

हा हक्क का, तेही लिहिते. नणंदेला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी तिला कोट शिवला. तिने तो एकदाही घातला नाही. मी मनाला लावून घेतलं आणि आमचं बोलणं "हो"-"नाही"वर आलं, ते कित्येक वर्षं.

मग धाकट्या भावजींनी साठीची पार्टी दिली. पुरुषांना धुरकट वासाची महागडी व्हिस्की, आम्हा दोघींना सरबत. मी ग्लास पुढे केला, तर म्हणाले, "वहिनी, ही तुम्हांला झेपायची नाही." नणंदेने माझा हात धरला. "चल गं, वहिनी." कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन म्हणाली, "आम्हांला झेपेल अशी द्या." दुकानदाराने आयरिश ब्लेंडेड दिली, वेगवेगळ्या व्हिस्क्या मिसळून केलेली, खिशाला न टोचणारी.

माझ्या स्वयंपाकघरात बसलो. आधी मधासारखा वास, मग सफरचंदाचा गोडवा, शेवटी मिऱ्याचा हलका चटका. घशाला कुठे ओरखडा नाही. दुसऱ्या घोटाला ती म्हणाली, "तो कोट दंडात घट्ट होत होता गं. तू इतक्या हौसेने शिवलेला, सांगायचा धीर झाला नाही."

"अगं बये, एक शिवण तर उसवायची होती!"

हसता हसता दोघी रडलो. दुसऱ्या दिवशी मी शिवण उसवली. नोकरी संपल्यावर ती इथेच राहायला आली, आणि दर शनिवारी आम्ही एकेक पेग घेतो.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री सुनेला. त्या कात्रीने कागद कापल्यास मी जिथे असेन तिथून ओरडेन.

३. माझ्या सत्तरीला भावजींनी दिलेली महागडी बाटली न उघडता कपाटात आहे. ती त्यांना परत. ब्लेंडेड म्हणजे भेसळ, असं ते अजून म्हणतात. मी जन्मभर लोकर-सुताचं मिश्र कापड शिवलं; रोज अंगावर राहतं ते तेच. राग आता नाही. चव मात्र बदललेली नाही.

४. बँकेतली ठेव मुलाची. तिच्या व्याजातून दरमहा नणंदेला तीच आयरिश आणून द्यावी आणि आणणाऱ्याने तिच्यासोबत बसावं. बर्फ नको, थोडं पाणी चालेल.

नणंदेला साक्षीदार व्हायचं होतं. जिला हक्क मिळतो तिने साक्ष करू नये, असं वकीलबाईंनी सांगितल्यामुळे ती आतल्या खोलीत फुगून बसली आहे. कशाचा हक्क, हे तिला अजून माहीत नाही. सही झाली की मीच आत जाऊन सांगणार आहे.

सही: कोटवाल्या बाई
साक्षीदार: १. कोपऱ्यावरचा दुकानदार २. तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टर
ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघराचं टेबल
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो, वार शनिवार