आफ्रीनच्या समोरची जागा

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. शाळेत पोरींना लाडू वाटले, मलाही दोन दिले. शेवटचे दोन तास छंदमंडळांचे. गायनवाल्या वरच्या वर्गात, समाजसेवावाल्या व्हरांड्यात, लेझीमवाल्या माझ्याकडे मैदानावर. तेवीस पोरी. अकरा जोड्या, आणि आफ्रीन एकटी. तिच्या समोरची जागा ऋतूची, माझ्या नातीची. ती जाऊन चौदा महिने झाले, ती जागा मी कोणाला दिली नाही. पोरीही मागत नाहीत.

समाजसेवेची एक आगाऊ पोरगी म्हणाली, "आबा, नाताळात म्हाताऱ्या माणसांना खजूर वाटायचा हाय. यादीत तुमचं नाव घालू का?" म्हणलं घाल, पण बिया काढून दे, दात न्हाईत. हसल्या सगळ्या.

कार्यक्रम वीस डिसेंबरला. पाच शुक्रवार राहिले. बसून करायचे लेझीमचे हात अजून कच्चे आहेत.

१५ नोव्हेंबर

काल निघताना शाळेच्या मोठ्या सिस्टरनी हाक मारली होती, ते लिहायचं राहिलं. बाई केरळच्या, मराठी तुटक. म्हणाल्या, "आबा, लाईनमध्ये गॅप दिसते. हॉस्टेलची प्रांजल आहे, सातवीची. तिला घ्या." मी बघतो म्हणालो. बघणार नाही हे त्यांनाही कळलं असेल. वाईट बाई नाही. ऋतू गेली तेव्हा घरी येऊन सुनेजवळ तासभर काही न बोलता बसली होती.

सगळी रात्र तेच. जागा भरली तर काय, नाही भरली तर काय.

१७ नोव्हेंबर

हे लिहू का नको, दोन दिवस चाललं आहे. वही ट्रंकेत असते, कोणी वाचत नाही. लिहितो.

त्या शुक्रवारी सरावाच्या आधी ऋतूच्या कपाळाला मी हात लावला होता. गरम होतं. चांगलं गरम. तरी तिला उभी केली. शाळांच्या स्पर्धा आठ दिवसांवर होत्या. आमच्या गावाकडे, शिरूर अनंतपाळच्या बाजूला, पोराला कणकण आली की म्हणायचे नाचू द्या, घाम आला की उतरेल. मी तसंच धरून चाललो. दोन तास नाचवलं.

रविवारी दवाखाना. डेंगू. डॉक्टरनी विचारलं, ताप कधीपासून? सून सुनंदा म्हणाली, शनिवारी सकाळपासून. मी तिथंच उभा होतो. बोललो नाही. बुधवारी सगळं संपलं.

बोललो असतो तर काही फरक पडला असता का, ते कोणाला विचारू? विचारायचं तर सांगावं लागेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आफ्रीन आली नाही. पी.टी.चे सर म्हणाले, तिनं मंडळ बदलून घेतलं, नाताळच्या सजावटीत गेली. "बरंच झालं आबा, आता बावीस. जोड्या बरोबर बसल्या."

बरोबर कशा बसल्या? मी दोन्ही जागा सोडल्या. रांगेत आता दाराएवढं भगदाड. पोरी एकमेकींकडे बघत होत्या. माझा ढोल दोनदा चुकला. वरून गायनवाल्यांचं गाणं येत होतं, त्यावर ढकललं.

काय बिनसलं तिचं? मध्यंतरी ऐकलं होतं, डबा खाताना बाकावर शेजारी कोणाला बसू देत नाही, ऋतूची जागा म्हणते. तेव्हा मला लई बरं वाटलं होतं. निदान एक तरी आहे म्हणून.

२३ नोव्हेंबर, रविवार

आमचा बालाजी, ऋतूचा बाप, उदगीरहून आला. दाळमिलमध्ये काम जास्त, डोळे सुजलेले. त्याला सांगितलं आफ्रीनचं. म्हणाला, "बाबा, नववीत हाय ती. अभ्यास असंल. तुम्ही कशाला जीव टाकून राहिलात?"

सुनंदा आतून म्हणाली, "ती पोरगी रस्त्यात दिसली की मान खाली घालून जाते. आधी काकू काकू करत घरभर फिरायची. मी काय केलं तिला?"

बालाजी हात धुवायला उठला.

२९ नोव्हेंबर

कालचा शुक्रवार असाच गेला. सिस्टरना नाताळच्या गोठ्यासाठी कडबा पाहिजे. सजावटीच्या पोरी शाळेच्या दारात गोठा करतात, बाळ येशूचा. मी म्हणालो, मी आणतो. सिस्टरना वाटलं, आबा किती चांगला. मला आफ्रीनला गाठायचं होतं, ते त्यांना काय माहीत?

आज गावाकडे गेलो. चुलतभावाकडून चार पेंढ्या घेतल्या, एसटीत मागच्या बाकाखाली घातल्या. कंडक्टर म्हणाला, "आबा, तुमचं तिकीट काढलं. म्हशीचं कोण काढणार?" सगळी गाडी हसली. मीही हसलो. मग लातूर येईपर्यंत भीती, पोरगी बोललीच नाही तर?

५ डिसेंबर, शुक्रवार

बोलली.

सरावाच्या आधी गोठ्यापाशी गेलो. ती खाली बसून कडब्याची ताटं सारखी कापत होती. बाकीच्या पोरी चांदणी टांगायला शिडीकडे गेल्या होत्या. म्हणलं, लेझीम का सोडलं गं?

हातातली पेंढी कापून संपवली. मग म्हणाली, "आबा, रागावू नका. ऋतूनं मला त्या दिवशी सांगितलं होतं, ताप हाय म्हणून. म्हणाली आबाला नको सांगू, स्पर्धेतून काढतील. मी न्हाई सांगितलं."

मी खाली पडलेली ताटं गोळा करू लागलो.

"तुम्हाला नंतर कळलं असंल ना. म्हणून तर मला एकटीला तिथं उभं करता. समोर बघत राहा म्हणून."

मी म्हणलं, न्हाई गं बाई.

"चौदा महिने झाले आबा. आणखी किती दिवस?"

एवढंच. पोरी आल्या, ती चांदणी धरायला उठली.

माझ्या तोंडाशी आलं होतं, मलाही माहीत होतं म्हणून. गिळलं. मैदानावर जाऊन ढोल वाजवला. आता हात दुखतो आहे. चौदा महिने पोरगी शिक्षा समजून उभी राहिली आणि मी समोर उभा राहून वाजवत होतो.

७ डिसेंबर, रविवार

बालाजी घरी होता. सांगायचं ठरवलं होतं. जेवताना त्यानं तुरीचा भाव काढला. राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मीच ठेवलं.

९ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी आफ्रीनच्या घरी गेलो. तिची अम्मी दवाखान्यात नर्स आहे, नुकती ड्यूटीवरून आलेली, पाय सोडून बसली होती. चहा नको म्हणलं तरी ठेवला. मी आधी पायरीवरच बसत होतो, म्हणाली, "आबा, आत या, खुर्चीवर बसा, तुम्ही काय परके हाव का?"

आफ्रीनला समोर बसवलं आणि सांगून टाकलं. म्हणलं, तू सांगितलं असतंस तरी मी तिला उभी केलीच असती. मला ठाऊक होतं. मी हात लावून बघितला होता.

ती रडेल वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, "खरंच? का मला बरं वाटावं म्हणून सांगता?"

म्हणलं, तिची टिकली घामानं सरकली होती, ती नीट करताना चटका लागला. खोटं सांगणाऱ्याला असलं सुचत नाही.

मग ती उठून आत गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला, लई वेळ.

अम्मी दारापर्यंत आली. हळू विचारलं, "सुनंदाभाभीला माहीत हाय का हे?"

न्हाई, म्हणलं.

"मग आबा, माझ्या लेकराच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवलं अन् दुसरं ठेवलं की तुम्ही. आता हे पोटात घेऊन ती भाभीच्या समोरून कशी जाईल?"

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. परत येताना रस्ता चुकलो, गंजगोलाईच्या गोल बाजाराला दोन फेऱ्या झाल्या. या गावात राहून आठ वर्षं झाली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आफ्रीन परत आली. मी सिस्टरना म्हणलं, ती हॉस्टेलची पोरगी पाठवा. प्रांजल बारकी आहे, लेझीम तिच्या हाताला मोठं होतं. आफ्रीनच्या समोर उभी केली.

प्रांजल सारखी उजवा पाय टाकायची. आफ्रीन म्हणाली, "डावा गं येडे, डावा. जेवायच्या हाताकडचा न्हाई." चौथ्या वेळी बरोबर आला. दोघी हसल्या. मला बघवेना आणि नजरही काढवेना.

जाताना आफ्रीन फाटकाशी थांबली. "आबा, काकूला…" म्हणाली, अन् फाटकाची कडी चाळवत राहिली. म्हणलं, रविवारी सांगतो.

१४ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

सकाळी. बालाजी दाढी करून आला होता, सुनंदा सुपात तूर निवडत होती. मी उभ्यानंच बोललो, बसलो असतो तर जमलं नसतं. शुक्रवारी ताप होता, मला माहीत होतं, डॉक्टरसमोर गप्प बसलो. तीन वाक्यं. एवढ्या दिवसांचं तीन वाक्यांत मावलं.

बालाजीनं चप्पल घातली आणि बाहेर गेला. दुपारच्या गाडीनं उदगीरला गेला म्हणे, न जेवता. एरवी सोमवारी पहाटे जातो.

सुनंदाचा हात थांबला नाही. खडे बाजूला, दाणे बाजूला. सूप संपलं, तिनं दुसरं भरलं. मी तिथंच उभा. शेवटी माझे पाय दुखले म्हणून मी आत गेलो. केवढी लाजिरवाणी गोष्ट, पाय दुखले म्हणून.

१६ डिसेंबर

ताट वाढते. बोलत नाही. भाजी नेहमीसारखी, माझ्यासाठी तिखट कमी टाकलेली. ते बघून ताट तसंच सारलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

शेवटचा सराव. सिस्टर बघून गेल्या, "व्हेरी नाईस आबा, आता गॅप नाही." आफ्रीननं नजरेनं विचारलं. मी मान हलवली, सांगितलं म्हणून. तिला वाटलं असेल, मिटलं. बरं झालं, तिला तसं वाटू दे.

२० डिसेंबर, शनिवार

कार्यक्रम झाला. बारा जोड्या. बसून करायचे हात एकसारखे आले. आई-बापांनी उठून टाळ्या वाजवल्या. प्रांजलचं कोणी आलं नव्हतं, आफ्रीनच्या अम्मीनं तिचे फोटो काढले. समाजसेवेच्या पोरींनी खजुराची पुडी आणून दिली, बिया तशाच होत्या.

मी फाटकाकडे बघत होतो. सुनंदाला या म्हणायची माझी छाती झाली नव्हती, तरी बघत होतो.

२१ डिसेंबर, रविवार

बालाजी आला नाही. फोन सुनंदाला आला, ती गच्चीवर जाऊन बोलली.

दुपारी चहा घेऊन आली. कप ठेवून गेली नाही, समोर पाटावर बसली. सात दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"तुम्ही हात लावला तेव्हा ती काही म्हणली का?"

मी म्हणलं, आठवत नाही.

"आठवा."

म्हणलं, सूनबाई, माझं चुकलं.

"ते मला नको आबा. चुकलं-बिकलं तुमच्यापाशी ठेवा. ती काय म्हणली तेवढं मला पाहिजे. शुक्रवारी आली तशी झोपली, शनिवारी नुसती ग्लानीत, दवाखान्यात तर ती शुद्धीवरच नव्हती. माझ्याशी काही बोललीच न्हाई. शेवटचं कोणाशी बोलली असंल तर तुमच्याशी."

काहीतरी बनवून सांगावं असं मनात आलं. नाचते म्हणली, आबा मला नाचायचंय म्हणली. तिला बरं वाटलं असतं, मलाही सुटल्यासारखं झालं असतं. नाही सांगितलं.

तेव्हापासून आठवून राहिलो. ती मान वर करून माझ्याकडे बघते. ओठ हलतात. काहीतरी म्हणाली होती, हे नक्की. पण ढोल तोवर माझ्या गळ्यात होता आणि मी पहिली थाप टाकली होती.

चहा निवला. सुनंदा अजून पाटावरच आहे, भिंतीला टेकून. मी लिहून राहिलो ते तिला दिसतं आहे. तिला वाटत असेल, मला आठवलं.