तुमच्या कॅसेटवरचं शेवटचं कडवं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं जळणं काही थांबलेलं नाही. आधी तुमच्या त्या दुसऱ्या शिष्येवर जळायचे, आता तुमच्यावर जळते. गेल्या रविवारी तिने तुमच्या आठवणीत गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता, तेव्हापासून हे मनात घोळतंय.

मी फ्रॉकात होते तेव्हापासून तारनाक्याच्या तुमच्या घरी गाणं शिकायला येत होते. वडील कोर्टातून परस्पर नल्लकुंट्याला माझ्या शाळेपाशी यायचे आणि मला स्कूटरवर मागे बसवून तुमच्याकडे सोडायचे. ‘‘यहुदी आहेत, पण मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलतात,’’ असं त्यांनी आईला सांगितलं होतं. ते मी तुमच्यापाशी बोलून गेले, तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. ‘‘अगं, रेवदंड्याचं मराठी ते! आमचे आजे-पणजे तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.’’ रेल्वेतल्या माणसाशी लग्न होऊन तुम्ही हैदराबादला आलात आणि रेडिओवर गायला लागलात. रेडिओवर रामाची भजनं गाणाऱ्या तुम्ही शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवा लावायचात, पेटीवर कापड टाकायचात, आणि शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत त्या घरात सूर निघायचा नाही. आमच्या घरच्या एकादशीइतकंच मला ते सवयीचं झालं होतं.

मग गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या आल्या, घरोघर केबल आली, कोटी भागातल्या बाजारात फुटपाथवर कॅसेटींचे ढीग लागले. तुमचे यजमान तेव्हा नुकतेच गेले होते आणि नात्यातले सगळे इस्रायलला निघून गेले होते. ते फोनवरून तुम्हाला बोलवायचे. ‘‘नक्को,’’ तुम्ही म्हणायचात, ‘‘तिकडे मला कोण ऐकणार? इथे आत्ता कुठे माझे दिवस येतायत.’’ मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकून तुम्ही स्टुडिओ केलात. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की टेप थांबवायची, शेजारणीला खिडकीतून हाक मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. लोणच्याच्या, साड्यांच्या जाहिराती, तेलुगू भजनं, लग्नातली गाणी, सगळं त्या खोलीतून बाहेर पडलं. कॅसेटच्या पाठीवर ‘निर्मिती’ या शब्दापुढे तुमचं नाव छापलं जायचं, आणि मी दुकानात उभी राहून ते लोकांना दाखवायचे.

ती आली लोणच्याच्या जाहिरातीसाठी. विद्यानगरची तेलुगू मुलगी, कॉलेजात शिकणारी. इतकी वर्षं मी तुमच्याकडे पाणी मागून प्यायचे. ती दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात शिरून माठातलं पाणी घेऊन आली. मी तुम्हाला बाई म्हणायचे, ती आठवड्याभरात अम्मा म्हणाली आणि तुम्ही ओ दिलीत.

त्या वर्षी तुम्ही मनातली कॅसेट करायला घेतलीत. तुमची आजी म्हणायची ती मराठी गाणी, तुमच्या धर्मातल्या पैगंबरांच्या गोष्टींची. ‘‘या गावात आमच्या प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुषही जमत नाहीत, निदान गाणी तरी जमवते,’’ म्हणालात. निम्मी तुम्ही गाणार, निम्मी शिष्या गाणार. शिष्या म्हणजे मी, यात मला काडीची शंका नव्हती. तुम्ही तिला बोलावलंत.

‘‘बाई, तिला मराठी वाचता येत नाही,’’ मी म्हटलं.

‘‘हौ. तेलुगूत लिहून घेईल.’’

‘‘देवाला देवु म्हणते ती.’’

‘‘म्हणू दे.’’ मग पेटी बाजूला सारून तुम्ही म्हणालात, ‘‘तू गातेस तेव्हा मला मीच ऐकू येते. मी अजून आहे की गं. दोन-दोन कशाला?’’

त्या दिवशी मी जेवले नाही. तरी दुसऱ्या दिवशी आले, कारण मागे साथीला आवाज हवे होते.

कॅसेट संपत आली आणि तुमच्या घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पुढे एका दुपारी तुम्ही मला एकटीलाच बोलावलंत आणि कुजबुजत सांगितलंत, ‘‘माझ्या गाण्याचं शेवटचं कडवं राहिलंय. तू गा.’’

‘‘माझं नाव येईल?’’

तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. ‘‘लोकांना कळता कामा नये.’’

मी गायले. तुम्ही कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसला होतात. संपल्यावर म्हणालात, ‘‘हं. हीच मी.’’ आणि माझ्याकडे पाहिलंत. ती नजर मी ओळखली, बाई. ती मुलगी गात असताना मी याच नजरेने तिच्याकडे बघायचे. मग तुम्ही उठून आत गेलात, मलिद्याची, म्हणजे तुमच्याकडच्या गोड पोह्यांची ताटली आणलीत, वर जास्तीचं खोबरं पेरलंत, आणि मी खाईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलात. त्यानंतर तुम्ही मला गायला सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. ती सिनेमात गायला लागली, मी बँकेत लागले.

रविवारी तिने सभागृहात तीच कॅसेट लावली. शेवटच्या कडव्याआधी थांबवून मोडक्या मराठीत म्हणाली, ‘‘आता ऐका. अम्मा सगळ्यात छान इथे गायली.’’ माझा आवाज सुरू झाला. लोक रुमालाने डोळे पुसत होते, तीही रडत होती. मी दुसऱ्या रांगेत बसून बघत होते की माझ्या गाण्याला मिळालेलं सगळं कसं सरळ तुमच्या फोटोकडे जातंय. फोटोला हारही तिनेच घातलेला. नंतर माझा हात धरून ती म्हणाली, ‘‘तुम तो बचपन से सीखे अम्मा के पास. सच बोलो, ऐसा और कोई गा सकता क्या?’’

‘‘नहीं,’’ मी म्हटलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, तू बाईंचा शब्द पाळलास. त्याला एकट्यालाच हे ठाऊक आहे. त्याचं म्हणणं मी खोडलं नाही. हा कागदही त्याला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तो पोचायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. शब्दाबिब्दाचं काही नव्हतं. मी गायले असं कळलं असतं, तर तिने ते कडवं पुन्हा लावून ऐकलं असतं, आणि या वेळी तिला ते आवडलं नसतं, याची मला भीती वाटली.